तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा योहान्सेन

ससून डॉकजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं हिशेब बघतो. लाद्या मोजायच्या, पावती फाडायची, कुठल्या बोटीत किती टन बर्फ गेला ते वहीत चढवायचं. टेबलामागे दत्ताच्या तसबिरीशेजारी एका गोऱ्या माणसाचा जुना फोटो आहे. बोटीत बर्फ भरेपर्यंत नाखवा चहाला टेकतो आणि त्याची नजर तिकडे जाते. हा कोण? यालमार योहान्सेन, नॉर्वेचा. ध्रुवावर पहिला हाच पोचला काय? नाही, दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला तो अमुंडसेन. मग याचा फोटो कशाला लावलाय?

हा शेवटचा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की एकदा नीट बसून उत्तर द्यायचं ठरवलं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, क्रशर गप्प असतो, त्यामुळे वेळही आहे.

सुरुवात नान्सेनपासून करावी लागते. फ्रित्यॉफ नान्सेन हा नॉर्वेचाच ध्रुवप्रवासी, मोठा माणूस. 1881 साली सैबेरियाच्या उत्तरेला बर्फाने चिरडलेल्या एका जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्याला सापडले. त्यावरून त्याने ताडलं, की उत्तरेचा सगळा बर्फच वाहतो आहे. मग आपणच जहाज त्यात अडकवून घ्यावं आणि बर्फ नेईल तिकडे जावं! त्यासाठी ‘फ्राम’ बांधलं. त्याचा तळ असा गोलसर, की दोन्ही बाजूंनी बर्फाने आवळलं तर जहाज वाम माशासारखं निसटून वर यावं. ही वामाची उपमा नान्सेनचीच आहे. पाटीतली जिवंत वाम ज्याने हातात धरायचा प्रयत्न केलाय, त्याला त्या तळाचं चित्र काढून दाखवावं लागत नाही.

1893 च्या जूनमध्ये तेरा माणसं निघाली. योहान्सेन तेव्हा सव्वीस वर्षांचा, नावाजलेला कसरतपटू. दुसरं काम शिल्लक नव्हतं म्हणून बॉयलरमध्ये कोळसा टाकायच्या जागेवर चढला. मला हा माणूस पहिल्यांदा आवडला तो इथे.

फ्राम उत्तर ध्रुवावरून जाणार नाही हे दिसल्यावर नान्सेनने चालत जायचं ठरवलं आणि सोबतीला योहान्सेनला निवडलं. 1895 चा मार्च, दोन माणसं, अठ्ठावीस कुत्रे. दिवसभर अंगात मुरलेला घाम कपड्यांतच गोठायचा. बाह्यांच्या कडा इतक्या कडक झाल्या, की नान्सेनच्या मनगटांना घासून खोल जखमा पडल्या आणि त्यांचे वण जन्मभर राहिले. आमच्याकडे क्रशरवर नवा पोरगा आला की हातमोजे न घालता लाद्या ओढतो. संध्याकाळी त्याची बोटं मी पाहिली आहेत. त्याला निदान घरी जाऊन हात शेकता येतात.

8 एप्रिलला ते 86 अंश 14 मिनिटं उत्तर अक्षांशापर्यंत पोचले. इतक्या उत्तरेला तोवर कुणीच गेलं नव्हतं. पुढे नुसते बर्फाचे ढीग होते. ते तिथून परत फिरले.

परतीच्या वाटेवर, ऑगस्टमध्ये, अस्वलाने योहान्सेनला उताणं पाडलं. त्याने एका हाताने अस्वलाचा गळा धरून ठेवला होता. नान्सेनची बंदूक कयाकवर, म्हणजे त्यांच्या छोट्या होडीवर, राहिली होती आणि ती कयाक पाण्यात घसरत होती. तेव्हा योहान्सेन अगदी शांतपणे बोलला, की आता जरा घाई करा, नाहीतर उशीर होईल. नॉर्वेजियन भाषेतही आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा भेद आहे. अस्वल छातीवर असतानाही तो नान्सेनला ‘तुम्ही’च म्हणाला. कुत्र्यांमुळे अस्वलाचं लक्ष क्षणभर विचलित झालं आणि तेवढ्यात नान्सेनने त्याला गोळी घातली.

मग फ्रान्झ जोसेफ लँड या उत्तरेकडच्या बर्फाळ बेटांवरचा हिवाळा. जमिनीत खड्डा, भोवती दगड आणि शेवाळ, वर वॉलरसच्या कातड्यांचं छप्पर. दिव्याला चरबी. सकाळी अस्वलाचं मांस उकडून, रात्री तेच तळून. दिवसाचे वीस-वीस तास झोपायचे, वजनं उलट वाढली. नाताळ आला तेव्हा साजरं करायला काहीच नव्हतं. योहान्सेनने सदरा उलटा करून घातला. महिनोन्‌महिने दोघे एकाच झोपायच्या पिशवीत, अंगाला अंग लावून काढत होते, आणि तरीही ‘अहो’ सुटलं नव्हतं. त्या हिवाळ्यात कधीतरी नान्सेननेच सुचवलं, की आता आपण एकमेकांना ‘तू’ म्हणूया.

माझे वडील बोटीवर खलाशी होते. तांडेलाला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही, एकाच ताटात जेवले तरी. म्हणून ही गोष्ट वाचताना माझा घसा दाटतो.

1896 च्या जूनमध्ये एका इंग्रज तुकडीशी अचानक गाठ पडली आणि दोघे वाचले. फ्रामही सगळ्या माणसांसकट सुखरूप परतलं. नान्सेन प्राध्यापक झाला, राजदूत झाला, निर्वासितांसाठी झटला, 1922 चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं. ते सगळं त्याच्या लायकीचंच होतं. योहान्सेन मात्र घरी परतून रुळला नाही. सैन्यात कॅप्टन होता, पण दारू लागली, कर्ज झालं, संसार विस्कटला.

नान्सेनच्या शब्दामुळे अमुंडसेनने त्याला दक्षिणेला नेलं, त्याच फ्रामवरून. ध्रुवावर पहिलं पोचायची घाई अमुंडसेनला इतकी, की 1911 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीलाच तो निघाला. थंडी उणे पन्नासच्या खाली उतरली आणि परतावं लागलं. शेवटच्या दिवशी अमुंडसेन दोघांना घेऊन पुढे निघून गेला, बाकीचे मागे विखुरले. तुकडीतल्या तरुण प्रेस्ट्रुडच्या पायांना हिमदंश झालेला, तो सगळ्यांच्या मागे. योहान्सेन त्याच्यासाठी थांबला. ना स्टोव्ह, ना खाणं. अंधारात त्याला सोबत घेऊन मध्यरात्री तळावर पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर त्याने अमुंडसेनला सुनावलं, की म्होरक्याने माणसं अशी मागे टाकायची नसतात. अमुंडसेनचं कौशल्य मी मानतो, कुत्र्यांची आणि स्कीची त्याच्याइतकी जाण कुणाला नव्हती. पण या बाबतीत योहान्सेनचं बरोबर होतं. त्याला ध्रुवाच्या तुकडीतून काढलं आणि त्याच प्रेस्ट्रुडच्या हाताखाली दुसऱ्या दिशेला पाठवलं. 14 डिसेंबरला ध्रुवावर झेंडा लागला तेव्हा तो तिथे नव्हता. पुढे त्याला सगळ्यांपासून वेगळं, एकट्यालाच घरी धाडलं. 1913 च्या जानेवारीत त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय पंचेचाळीस.

गेल्या मे महिन्यात, बंदीच्या आधीच्या शेवटच्या फेरीला, एका खलाशी पोराला हे सगळं सांगितलं. बर्फ भरून झाला होता, नाखवा बाहेरून हाका मारत होता. पोरगा दारापर्यंत गेला आणि परत वळला.

“काका, त्या मागे राहिलेल्याचे पाय वाचले?”

“वाचले,” मी म्हटलं. “नोव्हेंबरात तो परत चालायला निघाला.”