त्याला घर सापडलं कसं?

माझ्या रहस्यकादंबरीच्या नायिकेने डेटिंग ॲपवर खोटं नाव घेतलंय. फोन नंबर दिलेला नाही, पत्ता तर नाहीच. तरी आठव्या प्रकरणात ॲपवर भेटलेला माणूस तिच्या कोथरूडच्या सोसायटीच्या फाटकाशी उभा! भेटेल तो वाचक हेच विचारतो: त्याला घर सापडलं कसं? जरा ओढूनताणून नाही का वाटत? (कादंबरी वाचायची असेल तर इथेच थांबा.)

ही युक्ती माझी नव्हेच. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सुरक्षा-संशोधकांना टिंडर या डेटिंग ॲपमध्ये एक भोक सापडलं. समोरची व्यक्ती किती मैलांवर आहे ते पडद्यावर गोळाबेरीज दिसायचं, पण सर्व्हरकडून येणारा मूळ आकडा दशांशचिन्हापुढे लांबच लांब असायचा. आता शाळेतली भूमिती आठवा. एका ठिकाणापासूनचं अंतर कळलं की एक वर्तुळ. तीन ठिकाणांपासूनचं कळलं की तिन्ही वर्तुळं एका बिंदूत छेदतात. त्या ठिकाणी जायलाही नको; मी आत्ता डेक्कनला, आत्ता वारज्याला, आत्ता औंधला, अशी ॲपला थाप मारायची. शंभरेक फुटांपर्यंत जागा कळायची. कंपनीने ते भोक बुजवलं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये संशोधकांनी ते जाहीर केलं. म्हणून माझं ॲप काल्पनिक आणि गोष्ट २०१३ च्या पावसाळ्यातली. ‘सगळ्यांचे फोन इतके जुने का?’ या तक्रारीचंही उत्तर हेच.

खरं सांगू? मला तो भाग फारसा आवडत नाही. आकृती काढून दाखवावी लागते, आणि आकृती आली की भीती जाते.

शिवाय शंभर फुटांत अख्खी इमारत बसते. फाटक सापडलं, तिचं खरं नाव आणि फ्लॅट नंबर? ते तेराव्या प्रकरणात आहे. तिच्या आईने स्थळासाठी बायोडाटा पाठवलेला असतो. आधी मावशीला, मग मंडळाच्या बाईंना, तिथून कुठे कुठे. जन्मवेळ, पगार, वडिलांचं ऑफिस, मामांचं गाव, घरचा पूर्ण पत्ता, आणि ॲपवर लावलेला तोच अबोली साडीतला फोटो.

या प्रकरणावर आजवर एकानेही शंका काढलेली नाही. भूमिती खटकते, बायोडाटा खटकत नाही.

विवाहबाह्य संबंध जुळवणारी ॲशली मॅडिसन ही साइट माहिती कायमची पुसायचे १९ डॉलर घ्यायची. २०१५ मध्ये तिथला डेटा फुटला, तेव्हा पैसे भरलेल्यांचीही माहिती त्यात निघाली. फसवणूकच ती, पण निदान पुसायचं बटण तरी होतं.

माझ्या मामेबहिणीचा बायोडाटा गेल्या आठवड्यात मला दोन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. ‘सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष.’ तिचा मुलगा यंदा पहिलीत गेला.