आमची वाटचाल: कॅसेटपासून कॅप्चर कार्डापर्यंत

दुकानाच्या पाटीवर अजून 'लग्न, मुंज, बारसे : व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग' असंच आहे. पाटी बदलायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी 'दिवाळी होऊ दे' म्हणून राहतं. आत मात्र आज निम्मं काम गेमिंगचं आहे. कन्सोलवरचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवरचा, खेळ रेकॉर्ड करून द्यायचा, स्पर्धा लाईव्ह दाखवायची, आणि खेळाचं चित्र संगणकात उतरवणारं कॅप्चर कार्ड कुठलं घ्यावं, खरं तर कुठलं घेऊ नये, ते पोरांना सांगायचं. सांगलीत या धंद्याला अजून धड नाव नाही. आई 'खेळाचं शूटिंग' म्हणते, आम्हीही तेच म्हणतो.

सुरुवात कॅसेटनं झाली. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर करून द्यायचं काम आम्ही बरीच वर्षं केलं. एक दिवस मागच्या गल्लीतला कॉलेजचा मुलगा पिशवीतून पीएस२, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २, घेऊन आला. "काका, कॅसेट उतरवून देता तसा माझा गेम उतरेल का?" बघतो तर वायर तीच, पिवळी-पांढरी-लाल, आणि सिग्नलही तोच. आपल्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीचा, ५७६ ओळींचा, सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे अर्धी-अर्धी चित्रं, एकदा विषम ओळी, एकदा सम. वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्याचे दात फुटावेत तशा कडा दिसतात ना, तशा इथे धावत्या गाडीला दिसल्या. त्या काढायच्या कशा, हे आमचं रोजचंच काम. पोरगं खूश, आम्हीही खूश.

तोच मुलगा पुढं पीएस३ घेऊन आला आणि आमची हुशारी संपली. एचडीएमआय वायर लावली, टीव्हीवर चित्र स्वच्छ, संगणकावर काळाकुट्ट अंधार. दोन दिवस मी नि धाकटा भाऊ वायरी बदलत होतो. विंडोज नव्यानं टाकली. अगरबत्ती लावायचीच काय ती बाकी होती. दोष कशातच नव्हता. पीएस३ एचडीएमआयमधून जे सोडतो ते एचडीसीपीचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप लावूनच, आणि ते काढायची सोय सेटिंगमध्ये नाही. वाट निघाली ती जुन्या सामानातून. पीएस२ आणि पीएस३च्या मागचं ॲनालॉग भोक एकच, त्यामुळं हिरवी-निळी-लाल कंपोनंट केबल दोघांनाही चालते, आणि त्या वाटेवर गेमला कुलूप नसतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून हॉपॉग कंपनीचं जुनं एचडी पीव्हीआर आणलं, कंपोनंट घेणारं रेकॉर्डिंगचं खोकं. ते चाललं.

पीएस४लाही आधी हेच कुलूप होतं. २०१४च्या १.७० अपडेटनंतर ते सेटिंगमधून बंद करता येऊ लागलं. आम्ही बंद करून द्यायचो आणि परत चालू करायला सांगायला विसरायचो. मग रात्री नऊला कुणाच्या तरी वडिलांचा फोन : "तुमच्याकडून आणल्यापासून नेटफ्लिक्स लागत नाही, काय केलंत मशीनला?"

खरी अद्दल घडली एका गेमिंग पार्लरच्या फुटबॉल स्पर्धेत. आठ पीएस४, सोळा पोरं, आणि फायनल लाईव्ह दाखवायची. भावानं ऑनलाईन एक बोटाएवढी यूएसबी काडी मागवली होती, छोटं कॅप्चर कार्डच ते, खोक्यावर ठळक '४के', म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके. किंमत एका केबलच्या जवळपास. मीच म्हटलं होतं, स्वस्तात होतंय तर होऊ दे. पार्लरवाल्याकडं टीव्ही कमी, म्हणून फायनलवाल्यांना लॅपटॉपच्या पडद्यावरच खेळायला बसवलं. पहिल्याच मिनिटाला एकानं रिमोट खाली ठेवला. "दादा, बटण आत्ता दाबलं, पाय नंतर उचलतोय." काडीतून पडद्यावर यायला चित्राला उशीर लागत होता. बघणाऱ्याला तो कळत नाही, पण खेळणाऱ्याचा गोल जातो. शेवटी एका गिऱ्हाईकाच्या घरून टीव्ही उचलून आणला. तोवर दीड तास गेला होता आणि वडापाव थंड झाले होते. त्या रात्रीचे पैसे आम्ही घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो. एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० ठिपके, ठिपक्याला दोन बाईट, सेकंदाला ६० फ्रेम. गुणाकार जवळजवळ २४९ मेगाबाईट येतो, तोही दर सेकंदाला. काडीच्या यूएसबी २.०ची नळी कागदावरच ६० मेगाबाईटची. म्हणजे काडी चित्र चुरगाळून पाठवणार, आणि आमची १०८०पीला सेकंदाला ३० फ्रेमच देत होती. खोक्यावरचं ४के खोटं नव्हतं. पण ते आत घेण्यापुरतं, बाहेर काय येतं ते बारीक अक्षरात. तेव्हापासून मी बारीक अक्षर आधी वाचतो आणि तिथं 'पास-थ्रू' शोधतो. पास-थ्रू म्हणजे कार्डाला दोन एचडीएमआय भोकं. एकातून कन्सोल आत, दुसऱ्यातून टीव्ही बाहेर. खेळणारा टीव्ही बघतो, त्याला उशीर जाणवत नाही, संगणक आपला मागून नक्कल उतरवत बसतो.

मग एल्गाटो कंपनीचं एचडी६० एस कार्ड घेतलं, यूएसबी ३.०चं, ६० फ्रेमचं. पैसे एका लग्नाच्या सीझनमधून काढले. पीएस५ वाढले तसं एचडी६० एक्स आलं : टीव्हीकडं ४के ६० फ्रेम जाऊ देतं, स्वतः १०८०पी ६० किंवा ४के ३० फ्रेमनं उतरवतं. खेड्यापाड्यातल्या स्पर्धांना मात्र माझं लाडकं वेगळंच आहे, ॲव्हरमीडियाचं लाईव्ह गेमर पोर्टेबल २ प्लस. त्यात मेमरी कार्ड घातलं की लॅपटॉप लागतच नाही, पॉवर बँकवर चालतं. लाईट गेली तर कन्सोल बंद पडेल, पण तोवरची मॅच कार्डावर असते. वीजवितरणावर मी एवढाच विश्वास ठेवतो.

आता दुकानात कुणी आलं की आधी विचारतो, कन्सोल कुठला? पीएस५वर स्वतःच एक तासापर्यंत रेकॉर्ड होतं. नुसत्या क्लिप हव्या असतील तर कार्ड कशाला, घरी जा म्हणतो. भाऊ यावर चिडतो, पण तीच पोरं पुढं लाईव्ह करायला लागली की आमच्याकडंच येतात. निन्टेंडोच्या साध्या स्विच कन्सोलवर मागची ३० सेकंदंच साठवता येतात, तिथं कार्ड लागतंच, आणि तेही टीव्हीला जोडायच्या डॉकमधून. स्विच लाईट घेऊन येणाऱ्याला चहा पाजून परत पाठवतो, कारण त्याला टीव्हीला जोडायची सोयच नाही. हार्ड डिस्कचंही आधीच सांगतो. ४० मेगाबिटनं रेकॉर्ड केलं तर तासाला १८ जीबी जातात. हे ऐकून निम्मे लोक पुन्हा विचार करतात.

गेल्या आठवड्यात एक मुलगा आला, पीएस५साठी ४के १२० फ्रेमचंच कार्ड पाहिजे म्हणाला. पैसे खिशात तयार. मी टीव्ही कुठला विचारलं, तर "मोठा आहे, काका." टीव्ही १२० फ्रेम घेतच नसेल तर असं कार्ड घेऊन काय करणार? म्हटलं, आधी टीव्हीच्या मागच्या भोकांचा आणि मॉडेल नंबरचा फोटो पाठव, मग बोलू. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. त्यात कोळिष्टकं होती, गुंडाळलेली राखी होती, आणि नंबरावर कुणीतरी गणपतीचं स्टिकर चिकटवलं होतं. पुन्हा काढून पाठव म्हणून सांगितलंय.