दुधाच्या खाड्यांशेजारी

रविवार, रात्री साडेनऊ

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आई दुधाचे खाडे मांडते. त्याच चौकटींच्या कोपऱ्यात गेले सहा आठवडे मी मनःस्थितीचा एक ते दहांमधला आकडा लिहीत आहे आणि त्याखाली झोप, फिरणे व कोणाशी निवांत बोलणे यांतले जे झाले असेल त्याचे आद्याक्षर: झो, फि, बो. “हे कसले खाडे गं?” असे आईने पहिल्याच आठवड्यात विचारले होते, मला धड उत्तर देता आले नाही.

पहिले तीन आठवडे मी रात्री एकदाच आकडा लिहीत असे, पण त्या नोंदींवर आता माझा फारसा विश्वास उरलेला नाही. परतीची बस रखडली की सकाळपासून बरा गेलेला दिवसही चारावर उतरे. आठवणीवर अनुभवातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांचाच पगडा राहतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नमन यांचे निरीक्षण मला असे बसथांब्यावर पटले. २००४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचे प्रसंग एकेक करून आठवून घेतले होते आणि प्रत्येक प्रसंगी काय वाटत होते ते विचारले होते. माझ्याच्याने तेवढे होणार नाही, म्हणून सकाळचा चहा, दुपारचा डबा आणि रात्र अशा तीन वेळा ठरवल्या.

सोमवारच सर्वांत वाईट निघणार, अशी माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात नंतरच्या तिन्ही आठवड्यांत सर्वांत खालचा आकडा रविवारी दुपारचा आहे आणि त्या दिवशी ‘फि’ही नाही, ‘बो’ही नाही. न फिरल्यामुळे मन उतरले की मन उतरल्यामुळे फिरणे राहिले, हे मात्र चौकट सांगत नाही. पीटर लेविन्सन हे मानसशास्त्रज्ञ याकडे चक्र म्हणून पाहत: आनंद देणाऱ्या गोष्टी कमी झाल्या की मन खचते आणि मन खचले की त्या आणखी कमी होतात. म्हणून इच्छेची वाट न पाहता आज पाच वाजता पर्वती चढून आले. रात्रीचा आकडा सहा. अर्थात वाटेत मैत्रिणीचा फोनही आला होता.

बुधवारची चौकट कोरी आहे. त्या दिवशी लिहावेसेच वाटले नाही, म्हणजे जे दिवस नोंदवायला हवेत तेच नेमके हिशेबातून निसटतात. आईच्या रीतीने तिथे आत्ता फुली मारली.