हायड्रा: मिनिटं नव्हे, पायऱ्या विचारा

ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर खोली ठरवताना मालकाला एकच प्रश्न विचारा: पायऱ्या किती? आम्हाला ‘बंदरापासून पाच मिनिटं’ असं कळवलं होतं. पाच मिनिटं असतीलही, पण ती मालकाच्या पायांची, आणि सगळी उभी. दोनशे चौदापर्यंत मी पायऱ्या मोजल्या, मग नाद सोडला. चाकांची बॅग दगडांवर आपटत वर नेली, त्यात एक चाक कामी आलं.

या बेटावर खाजगी गाडी नाही, रिक्षा-टॅक्सी नाही. कचऱ्याची गाडी वगैरे अपवाद सोडले तर सगळा भार खेचरांवर. माथेरान पाहिलेल्याला लीद आणि घासाघीस दोन्ही ओळखीचं वाटेल. बोट लागते तिथेच खेचरवाले उभे असतात. आम्ही चार पैसे वाचवायला त्यांना नको म्हटलं. शुद्ध मूर्खपणा. भाडं आधी ठरवा आणि सामान चढवून मोकळे व्हा. नाहीतर पाठीवरची सॅकच आणा.

अथेन्सहून येणं अवघड नाही. मेट्रोने पिरेयस बंदर, तिथून जलद बोट, दोन तासांच्या आत हायड्रा. काही बोटी वाटेत पोरोस बेटाला थांबतात, तिथे गडबडीने उतरू नका. घोषणेत ‘हायड्रा’ ऐकू येणार नाही, ग्रीक उच्चार ‘ईद्रा’ आहे. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी परतीचं तिकीटही आधीच काढा.

आता प्रोफितिस इलियास. गावाच्या डोक्यावरचा हा मठ साधारण ५०० मीटरवर आहे, आणि तुम्ही निघता ते समुद्राच्या पातळीवरून, म्हणजे एकही मीटर फुकट मिळत नाही. कॅफेतला पोऱ्या म्हणाला, ‘पाऊण तास.’ आम्हाला दीड लागला, आणि आम्ही दर पावसाळ्यात राजगड करणारी माणसं आहोत. खाली पाइनची सावली आहे, तिथे हसत-खिदळत गेलो. सावली संपली की वळणावळणाच्या पायऱ्या, पांढरा दगड आणि वरून जुलैचं ऊन. प्रत्येक वळणावर मठ तेवढाच लांब दिसतो. आमचं पाणी अर्ध्या वाटेत संपलं. धापा टाकत दारात पोहोचलो तर दार बंद! दुपारी मठ मिटलेले असतात हे पोऱ्याने सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. पहाटे सहाला निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, खांदे-गुडघे झाकणारे कपडे ठेवा. हे जमणार नसेल तर जाऊ नका. वरून समुद्र छान दिसतो, पण तो खालूनही दिसतो.

दुसरा चटका टॅक्सी-बोटीचा. व्लिखोसच्या किनाऱ्यावर जायचं होतं. नावाड्याने आकडा सांगितला, आम्ही मान डोलावली. उतरताना तोच आकडा ‘माणशी’ झाला. आम्ही चौघं. वाद घातला, अर्ध्यावर तुटलं. बसण्याआधी ‘अख्ख्या बोटीचे का?’ हे बोटाने बोट दाखवून विचारा. खरं तर कामिनी गावामार्गे किनाऱ्याकाठच्या वाटेने चालत आरामात पोहोचता येतं. परत आम्ही तसेच आलो आणि जाताना दिलेल्या पैशांवरून वाटभर भांडलो.

एक गोष्ट मात्र चुकवू नका: बंदरावरचं, चढ नसलेलं, संग्रहालय. नेपोलियनच्या युद्धांत इथले खलाशी इंग्रजांची नाकेबंदी फोडून धान्य विकायचे. बंदराभोवतीचे करड्या दगडांचे चिरेबंदी वाडे त्या पैशातून उभे राहिले. १८२१च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात हीच व्यापारी जहाजं तोफा चढवून तुर्कांवर गेली. लहान जहाजात जळाऊ माल भरायचा, ते शत्रूच्या गलबताला नेऊन भिडवायचं आणि पेटवून आपण होडीतून पळायचं, हा त्यांचा हातखंडा. आरमाराचा सेनापती मियाउलिस याचं हृदय या संग्रहालयात चांदीच्या कलशात ठेवलंय. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. (आत गारवाही होता.) जूनच्या शेवटी त्याच्या नावाचा उत्सव असतो, तेव्हा बंदरात होडी जाळतात. त्या दिवसांत खोली मिळणं कठीण.

पोहायला वाळू शोधू नका, खडक आणि गोटे आहेत, रबरी चपला हव्यात. बदामाची मिठाई घ्या. उरलेले दोन दिवस मजेत गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

निघताना खेचर केलं. चारही बॅगा घेऊन ते एकदाही न थांबता धक्क्यावर उतरलं. आम्ही रिकाम्या हाताने दोनदा टेकलो.