६४९ सीसी: दोन पिस्टन की चार?

कावासाकी निन्जा ६५० आणि होंडा सीबीआर ६५०आर, दोन्ही गाड्या ६४९ सीसीच्या. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, निन्जाचा ६४ न्यूटन मीटर, होंडाचा ६३. वजनात काय तो पंधरा किलोंच्या आसपास फरक. ताकद मात्र निन्जाची ६८ पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) आणि होंडाची ९५. कागद वाचून गाडी निवडायची तर विषय तिथेच संपतो, आणि माझ्या मामेभावाचा तिथेच संपला. त्याने चार सिलिंडरची होंडा घेतली. माझ्याकडे दोन सिलिंडरची निन्जा आहे, वापरलेली घेतलेली. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघांनी पुणे, भोर, वरंधा घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, वाई आणि परत पुणे असा सुमारे तीनशे किलोमीटरचा फेरा मारला. पोलादपूरला गाड्यांची अदलाबदल केली. त्या दिवसापासून जे डोक्यात आहे ते लिहून काढतो आहे.

मी भोसरीला क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगच्या शॉपवर आहे. क्रँक म्हणजे पिस्टनचं वर-खाली जाणं फिरण्यात बदलणारा दांडा. दिवसभर हातात त्याच्या पिना असतात. त्यामुळे रस्त्यावर कुठलीही मोटरसायकल शेजारून गेली की मला आधी तिची क्रँक दिसते, रंग नंतर. गाडीचा स्वभाव क्रँकमध्ये असतो असं मी ठामपणे म्हणतो, आणि त्याला कारण आहे.

वरच्या कागदात एक आकडा मी मुद्दाम सांगितला नाही. निन्जाचा ६४ चा टॉर्क येतो ६,७०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ६,७०० फेरे मारतं तेव्हा. होंडाचा ६३ येतो ९,५०० ला, आणि तिचे ९५ पीएस तर थेट १२,००० ला. टॉर्क किती, यापेक्षा तो आरपीएमच्या काट्यावर कुठे भेटतो, रस्त्यावर सगळं त्याच्यावर ठरतं. मी दोन्ही गाड्यांचे गिअर रेशो घेऊन हिशेब मांडला. दुसऱ्या गिअरमध्ये निन्जा ६,७०० ला असते तेव्हा वेग ताशी सत्तरच्या आसपास असतो. होंडा दुसऱ्याच गिअरमध्ये ९,५०० ला पोचते तेव्हा वेग शंभर झालेला असतो. आता आंबेनळी घाटात शंभरने कुठे जाणार? तिथे एका वळणातून बाहेर पडलं की पुढचं वळण समोर उभं असतं, आणि त्या वळणाआडून एसटी येते.

गंमत म्हणजे दोन्ही गाड्यांचं गिअरिंग जवळजवळ सारखं आहे. तिसऱ्या गिअरला साठच्या वेगात दोघींचा काटा साडेचार हजारांच्या जवळपास. सहाव्या गिअरला शंभरच्या वेगात दोघीही पाच हजारांच्या आतच. म्हणजे रस्ता तोच, वेग तोच, आरपीएमही तेच. फक्त त्या आरपीएमला एक गाडी आपल्या भरात असते आणि दुसरी अजून अंग गरम करत असते.

पोलादपूर सोडल्यावर चढ सुरू होतो. मी होंडावर होतो. हा घाट मला निन्जावरून पाठ आहे, कुठल्या वळणाला कुठला गिअर हे हाताला माहीत आहे. पहिल्या मोठ्या वळणातून दुसऱ्या गिअरला चाळीसने बाहेर पडलो, थ्रॉटल पिळला. गाडी ओढते, स्वच्छ ओढते, कुठे अडखळत नाही, धक्का नाही. पण ज्या पिकअपसाठी ही गाडी घेतली जाते तो सात-साडेसात हजारांच्या पुढे उघडतो, आणि तिथवर काटा चढेपर्यंत ब्रेकवर यायची वेळ होते. मग मी पहिला गिअर पाडून बघितला. आता काटा पाच हजारांवर, आवाज मोठा, पण वळणाच्या मधोमध थ्रॉटल जरा कमी-जास्त झाला तर गाडी लगेच डोकं वर-खाली करते. पुन्हा दुसरा. प्रतापगडाचा फाटा येईपर्यंत माझा डावा पाय सारखा कामाला लागलेला.

आरशात मामेभाऊ दिसत होता. तो निन्जावर, आणि मुळात माझ्यापेक्षा कमी घाट चालवलेला. तरी वळणागणिक तो जवळ येत होता. महाबळेश्वरला हेल्मेट काढल्या काढल्या म्हणाला, “दादा, मी तिसऱ्यातून खाली आलोच नाही रे. नुसता थ्रॉटल उघडायचा, गाडी निघते.” तिसऱ्यातून खाली न येता तो घाट मी स्वतः चालवणार नाही, तीव्र वळणांना दुसरा लागतोच. पण तो काय म्हणतोय ते मला बरोबर कळलं.

याचं कारण पिस्टनच्या आकारात आहे. निन्जाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ६०. होंडाचा बोअर ६७, स्ट्रोक ४६. दोन सिलिंडरच्या गाडीत एका वेळी ३२५ सीसी पेटतात, चारच्या गाडीत १६२. साडेचार हजार आरपीएमला ट्विनमध्ये, म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनात, सेकंदाला ७५ स्फोट होतात, चारमध्ये १५०. एकूण इंधन-हवा तेवढीच. पण लहान, हलके पिस्टन आणि आखूड स्ट्रोक असला की इंजिन जास्त वर फिरू शकतं, म्हणून वरच्या आरपीएमला श्वास नीट घेता येईल असे व्हॉल्व्ह, पोर्ट आणि कॅम ठेवतात. त्या वरच्या श्वासाची किंमत खालच्या आरपीएमला मोजावी लागते. चार सिलिंडर मुळातच खाली कमजोर असतात असं नाही, त्यांना वरसाठी बांधलेलं असतं. ज्याला ट्रॅकवर जायचंय त्याच्यासाठी तेच बरोबर आहे.

हाच प्रकार कावासाकीच्याच दोन गाड्यांत अजून उघडा दिसतो. निन्जा ४०० आणि झेडएक्स-४आर, दोन्ही ३९९ सीसी. पहिली दोन सिलिंडरची, सुमारे ४५ पीएस, १०,००० ला. दुसरी चार सिलिंडरची, ७७ पीएस, १४,५०० ला. टॉर्क ३७ आणि ३९. एकाच कंपनीने, एकाच सीसीत, दोन वेगळ्या माणसांसाठी दोन इंजिनं केली. झेडएक्स-४आरचा स्ट्रोक फक्त ३९.१ मिलिमीटर आहे, म्हणून १४,५०० ला सुद्धा तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला एकोणीस मीटरच्या आसपासच राहतो. निन्जा ४०० चा १०,००० ला साधारण सतरा. हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो. इतकं सुंदर काम क्वचित दिसतं.

आणि इथेच मला होंडाबद्दल मनापासून चांगलं लिहायचंय, कारण वाईहून सुरूर फाट्याला येऊन हायवेला लागलो आणि चित्र बदललं. नव्वद-शंभरचा वेग, सहावा गिअर, आणि खाली इंजिन आहे की नाही कळू नये इतकी शांतता. चार सिलिंडरच्या साध्या क्रँकमध्ये दोन पिस्टन वर असतात तेव्हा दोन खाली, त्यामुळे मोठी थरथर आपापसात फिटते. उरते ती दुप्पट वेगाची बारीक थरथर, आणि ती सहा हजारांच्या पुढे हँडलमध्ये झिणझिण्या आणते. त्याच्या खाली हात अगदी निवांत. निन्जाची क्रँक १८० अंशांची, म्हणजे तिच्या दोन पिनांत अर्ध्या फेऱ्याचं अंतर. तिच्यातही पिस्टन एकमेकांच्या उलट जातात, पण ते शेजारी शेजारी असल्यामुळे इंजिन डाव्या-उजव्या बाजूला डुलायला बघतं. थरथर फेडायला बसवलेला बॅलन्सर शाफ्ट ते बरंच आवरतो, सगळं नाही. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळला थांबलो तेव्हा माझे तळहात एकदम ताजे होते, मामेभाऊ मात्र मनगटं चोळत होता.

शहरात तर अजून एक गोष्ट, जी ट्विनवाले सहसा कबूल करत नाहीत. कात्रज ते स्वारगेट संध्याकाळच्या गर्दीत होंडा तिसऱ्या गिअरला पंचवीसच्या वेगाने तक्रार न करता सरकते. दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट असल्याने चेनला हिसका बसत नाही. १८० अंशांच्या ट्विनमध्ये एक स्फोट, लगेच अर्ध्या फेऱ्याने दुसरा, आणि मग दीड फेरा काहीच नाही. हळू वेगात ती दीड फेऱ्याची पोकळी चेनमध्ये खडखडते, आणि क्लच अर्धा धरावा लागतो. गर्दीत मांड्यांना लागणारी गरम हवा मात्र होंडाची जास्त, आणि रुंद इंजिनामुळे गुडघेही थोडे जास्त फाकतात. रोज ऑफिसला नेणाऱ्याने या दोन्ही गोष्टी अंगावर घेऊन बघाव्यात.

स्फोटांमधल्या अंतराचा विषय निघालाच आहे तर मामाच्या गाडीबद्दल सांगतो. मामाकडे राजदूत ३५० होती, म्हणजे यामाहाची आरडी३५०, जी १९८३ पासून एस्कॉर्ट्सने इथे बनवली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक. लहानपणी मी तिच्या टाकीवर बसून फिरलोय. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दर फेऱ्याला पेटतो, त्यामुळे १८० अंशांच्या त्या क्रँकवर दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट व्हायचा, म्हणजे नेमका आजच्या चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकचा ताल. मामेभावाला होंडाच्या फायरिंगमध्ये जे घरचं वाटतं त्याचं मूळ मला तिथे दिसतं. मामाला हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला, “मग माझीच बरी होती की, निम्मे पिस्टन.” बरोबरच आहे त्याचं.

फायरिंगच्या, म्हणजे स्फोटांच्या तालाच्या, बाबतीत आता बहुतेक नवे ट्विन २७० अंशांच्या क्रँककडे (दोन पिनांत पाऊण फेऱ्याचं अंतर) गेलेत. १९९५ च्या यामाहा टीआरएक्स८५० ने ती वाट घातली. आपल्याकडे ती सर्वांत जास्त ऐकू येते रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० मध्ये. २०१८ मध्ये आलेली ही गाडी, ६४८ सीसी, सुमारे ४७ पीएस, ५२ न्यूटन मीटर, आणि तो टॉर्क सव्वापाच हजारांच्या आसपास. आवाज व्ही-ट्विनसारखा येतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण आवाज हा त्यातला लहान फायदा. १८० अंशांत दोन्ही पिस्टन एकाच क्षणी टोकाला थांबतात आणि एकाच क्षणी सुटतात, म्हणून क्रँकचा वेग प्रत्येक फेऱ्यात हिंदकळतो. २७० मध्ये एक पिस्टन थांबलेला असतो तेव्हा दुसरा पूर्ण वेगात असतो, त्यामुळे हे हिंदकळणं जवळजवळ जातं. मनगटाने मागितलेला टॉर्क तेवढाच मागच्या चाकाला मिळतो. यामाहाने २००९ च्या आर१ मध्ये चार सिलिंडर ठेवून क्रॉसप्लेन क्रँक (चार पिना पाव-पाव फेऱ्याच्या अंतरावर) घातली ती याचसाठी. शेजाऱ्यांची इंटरसेप्टर मी ताम्हिणीत नेली होती. २१७ किलोची गाडी, माझ्या निन्जापेक्षा वीस किलो जड, वीस पीएस कमी, तरी ओल्या डांबरावर वळणातून बाहेर पडताना मला माझ्या गाडीपेक्षा जास्त विश्वास वाटला. पुढची गाडी घेतली तर २७० अंशांचीच घेणार.

हा वाद आपल्या पिढीचा नाही. १९५९ ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२० दोन सिलिंडरची होती आणि तीही ६४९ सीसीच. दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली, बॅलन्सर नाही, थरथर भरपूर. १९६९ मध्ये होंडाची सीबी७५० आली, चार सिलिंडर, बटण स्टार्ट, पुढे डिस्क ब्रेक, ६७ हॉर्सपॉवर, आणि ब्रिटिश ट्विनचं राज्य ओसरलं. तेव्हा चार सिलिंडर जिंकले ते गुळगुळीतपणा आणि भरवसा यांच्या जोरावर. आज ट्विनला बॅलन्सर आहेत, इंजेक्शन आहे, भरवसा दोघींचा सारखा. म्हणून आज प्रश्न उरतो तो फक्त तुमच्या रस्त्याचा.

सहाशेच्या सुपरस्पोर्टबद्दल, म्हणजे ट्रॅकसाठी बांधलेल्या गाड्यांबद्दल, दोनच वाक्यं. कावासाकी झेडएक्स-६आर पहिल्याच गिअरमध्ये शंभर ओलांडते, आणि चौपदरी हायवेवर मोटरसायकलला केंद्राने ठरवलेली मर्यादा ८० आहे. पुण्या-मुंबईच्या एक्सप्रेसवेवर तर आपल्याला प्रवेशच नाही.

सर्व्हिसिंगचं सांगायचं तर चारच्या गाडीला सोळा व्हॉल्व्ह, चार प्लग; ट्विनला आठ आणि दोन. व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (बारीक फट) तपासायला काढलं की मजुरीत फरक पडतो. ॲव्हरेज माझी थोडी जास्त देते, पण त्यावरून गाडी निवडू नये.

मामेभाऊ गाडी विकणार नाहीये, आणि मीही त्याला तसं सुचवलेलं नाही. त्याचे बहुतेक रविवार कोल्हापूरच्या हायवेवर जातात आणि तिथे त्याची गाडी माझ्यापेक्षा चांगली आहे. माझे रविवार वरंधा, ताम्हिणी आणि पसरणीत जातात.

टेस्ट राइडला जाणार असाल तर शोरूमवाल्यांना जुन्या कात्रज घाटात नेऊ देता का विचारा. फ्लायओव्हरवर कुठलीही मोठी गाडी आवडते. घाटात तिसऱ्या गिअरला चाळीसने या, क्लचला हात न लावता थ्रॉटल उघडा, आणि पुढच्या वळणापर्यंत गाडी किती पुढे गेली ते बघा. मग उतरताना थ्रॉटल पूर्ण सोडून इंजिन ब्रेकिंग किती मिळतं तेही बघा. माझ्या अनुभवात तिथेही ट्विन जास्त आवरते. परतताना सातारा रोडच्या गर्दीतून या, म्हणजे चारची बाजूही कळेल.