बेलेमचा गेंडा

लिस्बन, मंगळवार

काल सोमवार, जेरोनिमोस मठ बंद. म्हणून आज सकाळीच १५ नंबरची ट्राम धरून ताई आणि मी बेलेम गाठलं.

चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर लागते. तो वारला आपल्या कोचीला, १५२४ मध्ये. अस्थी नंतर पोर्तुगालला आणल्या. मला मात्र तिथून पुढे, वेदीपाशी, थांबावंसं वाटलं. राजा मानुएलची शवपेटी चक्क संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलीय! १५०१ साली सुरू झालेल्या या मठाच्या बांधकामाला मिरी-मसाल्याच्या व्यापारावरच्या कराचा पैसा लागला. आतल्या दुमजली ओवऱ्या अप्रतिम आहेत. दगडात पीळ घातलेले दोरखंड, त्यांच्या गाठी, वेली. कारागिरांचे हात खरंच थोर. पण पैसा कुठल्या किनाऱ्यांवरून आला, हे डोक्यातून जाईना.

दुपारी नदीकाठचा बेलेमचा बुरूज. इथे मला फक्त गेंडा पाहायचा होता. वायव्येकडच्या टेहळणी-मनोऱ्याच्या तळाशी तो कोरलाय. वाऱ्यापावसाने पार झिजलाय, डोकं आणि पुढचे पाय तेवढे ओळखू येतात. गुजरातच्या सुलतानाने हा प्राणी पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला, त्याने तो गोव्याहून जहाजात चढवला आणि मे १५१५ मध्ये तो इथेच उतरला. तेव्हा बुरुजाचं काम चालू होतं. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्तीचं पिल्लूच ते, बिचारं पळून गेलं. मग गेंड्याला पोपकडे नजराणा म्हणून रवाना केलं आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. साखळदंडाने बांधलेला, पोहणार कसा? जर्मनीत चित्रकार ड्यूररने त्याला न पाहताच, कुणाच्या तरी पत्रावरून आणि रेखाटनावरून, त्याचं चित्र छापलं आणि ते युरोपभर गाजलं. इतक्या दूर आणलेल्या त्या मुक्या जिवासाठी मला फार वाईट वाटलं. ताईलाही. आम्ही बराच वेळ तिथून हललोच नाही.

पलीकडे शोधयात्रींचं भलंमोठं स्मारक आहे, १९६० सालचं. एक चक्कर मारली, बस.

संध्याकाळी गरम कस्टर्डच्या पेस्ट्र्या खाल्ल्या, वर दालचिनीची पूड भुरभुरून. ताईने तीन संपवल्या.

उद्या कार्मोचा मठ. १७५५ च्या भूकंपात त्याचं छत कोसळलं आणि चर्चचा मधला भाग अजून उघडाच ठेवलाय. पाऊस नसेल तर दहालाच निघायचं.