वॉश वाळेपर्यंत

कोल्हापुरात शाहू स्मारकात चित्रं मांडली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतंच. या वेळी विचारलंत ते तुम्ही. मुलीला बाहेर बाकावर बसवून आत आलात, दोन चित्रांसमोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, "मॅडम, तुम्हालाही तसला त्रास होता म्हणं. चित्रांमुळंच बऱ्या झालात ना?" भोवती माणसं होती, म्हणून मी "निवांत बोलू" एवढंच म्हणाले. तुमच्या चेहऱ्यावरून कळलं की तुम्हाला "हो" ऐकायचं होतं.

चित्रांमुळं मी बरी झाले नाही. मला बायपोलर आहे, मन कधी भलतंच उधाणतं, कधी खोल उतरतं, असा आजार. होता असं म्हणता येत नाही. २००९ पासून लिथियमच्या गोळ्या सुरू आहेत, काल रात्रीही घेतली. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही घाईत असाल आणि अर्धंच ऐकून जाणार असाल, तर हे अर्धं तरी घेऊन जा.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी नऊ रात्री झोपले नाही. शाळेत शिकवायचे, घरी येऊन फुल शीट कागद जमिनीवर पसरायचे आणि उजाडेपर्यंत रंगवायचे. डोक्यात चित्रांची रांग लागलेली असायची, एक संपायच्या आत दुसरं सुरू. दुकानातून महिन्याच्या पगाराएवढे रंग उधार आणले. आयुष्यात इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं असं तेव्हा वाटायचं. लोकांना हाच भाग ऐकायला आवडतो. त्या काळातली चित्रं अफाट असतील, असं सगळे धरूनच चालतात.

त्यातलं एक चित्र मी जपून ठेवलंय. रंकाळा तलाव आहे, त्यातला संध्यामठ आहे. पिवळा ओला असतानाच त्यावर निळा, निळा बसायच्या आत तांबडा, असं करत सगळ्याचा चिखल झालाय. ब्रश घासून घासून कागदाला लव सुटलीय, डाव्या कोपऱ्यात भोक पडलंय, पाण्यावर पेन्सिलीनं कुणाकुणाचे फोन नंबर लिहिलेत. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. तो आपण राखायचा असतो. त्या चित्रात बोटभर पांढरा शिल्लक नाही. आजारानं काढलेलं चित्र असं असतं. माझं तरी असं होतं.

मग उतार आला, आणि तो नऊ रात्रींपेक्षा फार लांबला. पॅलेटवरचे रंग भेगाळले, ट्यूबची झाकणं घट्ट बसली. दोन ब्रशांतला कुठला उचलायचा हे ठरवता येईना, म्हणून मी टेबलाकडे पाठ करून झोपायचे. कुणी म्हणालं बाहेरचं बघा, कुणी म्हणालं नरसोबाच्या वाडीला न्या. आई मला वाडीला घेऊन गेली, दत्ताच्या पायऱ्यांवर बसवलं, आणि दुसऱ्याच दिवशी मानसोपचार डॉक्टरांच्या दवाखान्यात. "दत्तालाबी सांगितलं, आता डॉक्टरलाबी सांगूया," म्हणाली. दाराशी थांबून म्हणाली, "मी बसतो हितं. तू आत जा, समदं बोल." माझ्या आजारात कुणी काही शहाणपणाचं केलं असेल तर ते तिनं, त्या दिवशी.

लिथियमबद्दल डॉक्टरांनी नीट समजावलं. रक्त तपासत राहायचं, पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम कमी करायचं नाही, कडक उपास करायचे नाहीत. शरीरातलं मीठ-पाणी घटलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात थोडे थरथरतील, हेही सांगितलं. थरथर सगळ्यांना येत नाही, आली तर डोस बदलून बघता येतं. मला आली आणि थोडी राहिली. बारीक, लांबून न दिसणारी. पण रेषेला दिसते.

आणि माझी रेष चांगली होती. ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करत असल्यापासून दर पावसाळ्यात मी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायला जायचे. आखणी सगळ्यात शेवटी. श्वास धरून, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून, भुवईची एक रेष एका ओढीत. चुकली तर पुसून काढावी लागते आणि पुसल्याचा डाग राहतो. २०१० ला मी गेले. मूर्ती घडवणाऱ्या काकांनी मूर्ती पुढ्यात ठेवली. पहिली भुवई ओढली, ती दोन ठिकाणी हलली. काका काही बोलले नाहीत. ओल्या फडक्यानं रेष टिपली, मूर्ती उचलून स्वतःकडे घेतली, आणि एक चपटा ब्रश नि पिवळ्या रंगाचा डबा माझ्याकडे सरकवला. "ह्यांची सोवळी राहिल्यात बघा."

त्या मोसमात मी फक्त सोवळी रंगवली. मांडीवरून खाली, घोट्यापर्यंत, निऱ्यांच्या खोबणीत ब्रश शिरवून परत वर. एक झाली की पुढची. शेडवर पाऊस, शेजारी कुणीतरी शाडू मळतंय, दुपारी सगळ्यांचे डबे एकत्र. तिथं मला कुणी "कसं वाटतंय आता?" विचारलं नाही. "किती झाल्या?" विचारायचे. संध्याकाळी मी आकडा सांगायचे. वर्षभरात दिवसाच्या शेवटी सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, ते तिथं आलं. तुम्ही ज्याला चित्रांनी बरं होणं म्हणता, ते माझ्या बाबतीत हे, एवढंच आणि एवढं मोठं. पण ती सोवळी रंगवायला बसू शकले, कारण तोवर गोळ्या लागू पडून आठ महिने झाले होते.

आर्ट थेरपी हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. तो आणला एड्रियन हिल नावाच्या इंग्रज चित्रकारानं, १९४२ साली. गंमत वाटेल, पण त्याला मनाचा आजार नव्हता, क्षय होता. सॅनटोरियममध्ये पडून असताना तो चित्रं काढायचा. त्यानं त्याला उभारी आली, मग तो इतर रुग्णांनाही काढायला शिकवू लागला. चित्रांनी क्षयाचे जंतू मेले असं कुणी म्हणत नाही. मग माझ्या बाबतीत का म्हणतात? फुप्फुसाचा आजार शरीराचा आणि आमचा मात्र स्वभावाचा, असं कुठंतरी मनात असतं म्हणून.

व्हॅन गॉगचं नाव तर निघतंच. कानाची गोष्ट सगळ्यांना पाठ. फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात तो मे १८८९ पासून वर्षभर होता, तिथं त्यानं सुमारे १५० चित्रं काढली, हेही खरं. पण ती त्यानं झटक्यांच्या मधल्या, शांत दिवसांत काढली. झटका आला की काम बंद. एका झटक्यात त्यानं रंगच तोंडात घातले, तेव्हा डॉक्टरांनी काही आठवडे रंग त्याच्यापासून लांब ठेवले. आमच्या रंगपेट्यांत विषारी रंग असतात, हे मी शिकवताना सांगते तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. त्याच्यावर द्यायला नेमकं औषध तेव्हा नव्हतं. १८९० च्या जुलैत तो गेला, ३७ वर्षांचा.

मला मुंकचं उदाहरण जास्त जवळचं. 'किंकाळी'चा चित्रकार म्हणून आपण त्याला ओळखतो. १९०८ मध्ये कोसळला, कोपनहेगनला एका डॉक्टरांकडे काही महिने राहिला, आणि त्यानंतर पस्तीस वर्षं जगला, रंगवत. ओस्लो विद्यापीठाच्या सभागृहात त्यानं भिंतभर उगवता सूर्य काढलाय. आणि यायोई कुसामा, जपानची. लहानपणापासून तिला भास होतात. १९७७ पासून ती टोकियोत मनोरुग्णालयात स्वतःहून राहत आली आणि जवळच्या स्टुडिओत जाऊन काम करत आली. तिच्या ठिपक्यांवर लोक भरभरून बोलतात. मला रुग्णालय आणि स्टुडिओ यांच्या मधला तो रस्ता मोलाचा वाटतो. तिनं दोन्ही टोकं धरून ठेवली.

आपल्या गावातही अशीच एक गोष्ट सांगतात. आबालाल रहिमान, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. महाराज १९२२ साली गेले, तेव्हा त्यांनी आपली चित्रं कोटीतीर्थ तलावात बुडवली असं म्हणतात. त्यांना आजार होता असं मी म्हणणार नाही, ते दुःख असेल. पण ही गोष्ट आपण किती चवीनं सांगतो! "कलावंत असाच असायचा." गेलेल्या चित्रांची हळहळ त्या चवीत बुडते. वर्गात कुणी ती सांगायला लागलं की मी राहिलेली चित्रं दाखवते. पाणी बघा म्हणते, कसं थांबून थांबून रंगवलंय.

थांबणं. आता जे सांगते ते कुठल्या डॉक्टरांनी शिकवलं नाही, मला कागदानं शिकवलं. जलरंगात पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला हात, दिला की तो वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पाच मिनिटं, कधी दहा. बरी असते तेव्हा मी त्या वेळात रंकाळ्यावरची माणसं बघते, डब्यातलं काहीतरी खाते. ज्या दिवशी मला ती पाच मिनिटं सोसत नाहीत, ओल्यातच ब्रश घालावासा वाटतो, त्या दिवशी मी वहीत खूण करते. लागोपाठ तीन खुणा झाल्या की भावाला सांगते आणि डॉक्टरांना फोन करते. २०१६ ला आणि २०२१ ला असं झालं, झोप पुरती उडायच्या आधी. दोन्ही वेळा औषध वेळेत बदललं, एकदाही घर सोडून कुठं राहावं लागलं नाही. जुलैत मात्र हे चालत नाही. आपल्या पावसात कागद वाळतच नाही, कुणाचाही धीर सुटेल. तेव्हा मी झोपेचे तास लिहिते.

तुमच्या मुलीचं. बाहेर बाकावर तिच्या मांडीवर वही होती, ती मी बघितली. मागायला नको म्हणून मागितली नाही. तिला आधी डॉक्टरांना दाखवा. सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर १४४१६ लावा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा तो नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. गोळ्या सुरू झाल्या आणि हात थरथरला तर घाबरून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. तोवर मोठे ब्रश आणा. तिनं काढलेल्या चित्रात अर्थ शोधू नका, "हे काळं का?" असं विचारू नका. किती झाली, ते विचारा.

पाऊस नसेल तर रविवारी सकाळी सहाला मी संध्यामठाच्या बाजूला असते. तिला यावंसं वाटलं तर घेऊन या. बोर्ड माझ्याकडं दोन आहेत.